भाईंचा संग्रह अखंड राहू द्या : कला आणि संस्कृती खात्यास खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, कला आणि संस्कृती, गोवा सरकार
माननीय संचालक, कला आणि संस्कृती संचालनालय, पणजी
माननीय क्युरेटर, कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, पाटो, पणजी

स. न. वि. वि.

गेल्या माघ महिन्यात आमचे भाई गेले. फोंडा, डिचोली, तिसवाडी आणि सांगे या तालुक्यांतील जुन्या लोकांना ते लाऊडस्पीकरवाले भाई म्हणून ठाऊक होते, पुढच्या पिढीला डीजे भाई म्हणून, आणि आम्हा रेकॉर्ड जमवणाऱ्या पंधरा-वीस जणांना नुसते भाई म्हणून. नाव छापू नये अशी घरच्यांची इच्छा असल्यामुळे या पत्रात त्यांचे नाव आणि गाव दिलेले नाही. आपल्या कार्यालयास ते स्वतंत्रपणे कळवले आहे. त्यांच्या मागे २,६७६ तबकड्या, ३१ वह्या आणि ही सगळी सामग्री वाजवण्याची लहानमोठी यंत्रे राहिली आहेत. आमची विनंती या संग्रहाविषयी आहे. तो शासनाने अखंड स्वीकारावा, तो गोव्यातच राहावा, आणि ज्याला ऐकायचा आहे त्याला तो ऐकता यावा. ही विनंती सर्वांसमक्ष करण्याचे कारण इतकेच की हा संग्रह एका माणसाच्या घरात असला, तरी तो घडवण्यात गोव्यातील शेकडो घरांचा हात लागलेला आहे.

भाई म्हणजे कोण, हे आधी सांगितले पाहिजे. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा ते सोळा वर्षांचे होते आणि एका लाऊडस्पीकरवाल्याच्या हाताखाली पोऱ्या म्हणून काम करत होते. कर्णा दोरीने आंब्याच्या झाडावर चढवून बांधायचा, बॅटरी डोक्यावर घेऊन होडीतून पलीकडच्या गावात न्यायची, आणि मालक जेवायला बसला की ग्रामोफोनची चावी द्यायची, असे ते काम होते. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही यासाठी १९६७ साली झालेल्या जनमत कौलाच्या वेळी त्यांच्या मालकाने दोन्ही बाजूंच्या सभांना कर्णे पुरवले होते. सकाळी विलीनीकरणवाद्यांची सभा आणि संध्याकाळी विरोधकांची, आणि दोन्हीकडे सभेआधी लोक जमवण्यासाठी त्याच चार तबकड्या, असे ते सांगत. पुढे त्यांनी स्वतःचा अँप्लिफायर घेतला, मग दोन टर्नटेबल घेतली. १९७० च्या दशकात ख्रिस पेरी आणि लोर्ना यांची कोकणी गाणी घरोघरी पोहोचली, तेव्हा ती पहिल्यांदा ऐकल्याचे अनेक जण जे ठिकाण सांगतात, ते भाईंच्या लाऊडस्पीकरखालचा एखादा मांडव असते. नंतर काही वर्षे त्यांनी किनाऱ्यावरच्या हॉटेलांत काम केले, आणि ‘डीजे’ हा शब्द त्यांच्या नावाला तिथेच चिकटला. वय झाल्यावर ते गावी परतले, आणि गेली अठरा वर्षे दर रविवारी सकाळी त्यांच्या सोप्यावर आमची बैठक भरत आली. त्या बैठकीला शाळामास्तर येत, कदंब या सरकारी बससेवेचे एक निवृत्त चालक येत, तियात्र या कोकणी संगीत नाट्यप्रकाराच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलेले एक वृद्ध गृहस्थ येत, आणि अलीकडे कॉलेजची तीन-चार मुलेही येऊ लागली होती.

भाईंचे काम ज्यांनी पाहिले नाही, त्यांच्यासाठी लग्नाच्या एका दिवसाचे वर्णन करतो. पहाटे पुण्याहवाचनापूर्वी बिस्मिल्ला खाँ यांची सनई लागे, तीही अशा बेताने की विहिरीवर पाणी काढणाऱ्या बायकांना ती ऐकू जावी आणि भटजींच्या मंत्रांवर चढू नये. अक्षता पडल्या की लगेच नाट्यगीत. पंगत बसली की भावगीते, कारण माणूस जेवताना शब्द ऐकतो असे त्यांचे म्हणणे होते. दुपारी वडीलधारी मंडळी सोप्यावर लवंडली की आवाज निम्म्यावर येई आणि ख्याल किंवा ठुमरीची एखादी तबकडी लागे. सायंकाळी मुलांसाठी हिंदी, आणि वरातीच्या तोंडावर कोकणी. एक तबकडी संपत आली की दुसऱ्या टर्नटेबलावरची तबकडी ते तळहाताने धरून ठेवत आणि पहिलीच्या अखेरच्या आवर्तनावर सोडत. दोहोंच्या मध्ये रिकामी जागा पडलेली मी तरी कधी ऐकली नाही. रात्री दहाला मात्र सुई उचललीच. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, भाईंचा हा नेम त्याच्याही आधीचा होता. गावात म्हातारी माणसे असतात, गाभणी गुरे असतात, एवढे त्याचे स्पष्टीकरण ते देत.

संग्राहकाचा संग्रह आणि वाजवणाऱ्याचा संग्रह यांत फरक असतो, आणि आमची सारी विनंती त्या फरकावर उभी आहे. संग्राहकाला तबकडी कोरी हवी असते. भाईंच्या तबकड्या झिजलेल्या आहेत, काहींच्या कडा उडालेल्या आहेत, एकदोन तर मांडवातल्या गॅसबत्तीच्या उष्णतेने वाकलेल्या आहेत. परंतु प्रत्येक तबकडीला त्यांनी खाकी कागदाचे किंवा जुन्या वर्तमानपत्राचे वेष्टन हाताने शिवलेले आहे, आणि त्या वेष्टनावर शाईच्या पेन्सिलीने ती कुठे, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून वाजली हे टिपलेले आहे. माझ्यासमोर या क्षणी असलेल्या एका वेष्टनावर अशी नोंद आहे : ‘म्हार्दोळ, लग्न, दोनदा. दुसऱ्यांदा नवरीच्या मामाने सांगितले. मामा रडले.’ त्याखाली वेगळ्या शाईत : ‘तेच घर, मामांचे वर्षश्राद्ध. एकदा. कोणी सांगितले नाही, मी लावली.’ अशा नोंदी असलेली किती वेष्टने असतील याची मोजदाद आम्ही सुरू केली आहे आणि ती अजून निम्म्यावरही आलेली नाही. गोव्यातील लोकांनी साठ वर्षे काय ऐकले, कोणत्या प्रसंगी ऐकले आणि पुन्हा ऐकायला काय मागितले, याची अशी दैनंदिन नोंद दुसरीकडे कुठे असेल, तर ती आमच्या पाहण्यात नाही.

या संग्रहात मराठी आणि कोकणी शेजारी शेजारी आहेत, हेही मुद्दाम सांगावेसे वाटते. आपल्याकडे भाषेच्या प्रश्नावर माणसे दुरावली, घराघरांत अबोले झाले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. भाईंनी तबकड्या भाषेप्रमाणे लावलेल्याच नाहीत. त्या प्रहरांप्रमाणे लावलेल्या आहेत. सकाळच्या कपाटात मंगेशीच्या मास्टर दीनानाथांच्या शेजारी कोकणी ख्रिस्ती भक्तिगीते आहेत, आणि रात्रीच्या कपाटात लावणीच्या मागोमाग कोकणी गायक आल्फ्रेड रोज आहेत. ग्रंथालयशास्त्राच्या दृष्टीने ही मांडणी चुकीची ठरेल. तरीही संग्रह स्वीकारताना ती मोडू नये, निदान तिची छायाचित्रे घेऊन आणि नोंद करून ठेवल्याशिवाय एकही तबकडी जागची हलवू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

आणखी एका कामाबद्दल भाईंचे ऋण मानले पाहिजे. हिंदी चित्रपटगीतांच्या तबकडीवर गायकाचे नाव असते, संगीतकाराचे असते, चित्रपटाचे असते. वादकांची आणि गाण्याची वाद्यरचना बांधणाऱ्या अरेंजरची नावे त्यावर सहसा नसतात, आणि ही माणसे एके काळी मोठ्या संख्येने आपल्या गोव्याची होती. सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, हळदोण्याचे चिक चॉकलेट ही त्यांतली लोकांना माहीत झालेली नावे. ज्यांचे नाव कोणालाच माहीत झाले नाही, असे ट्रम्पेट, व्हायोलिन, सॅक्सोफोन वाजवणारे कितीतरी जण सुट्टीत गावी येत, भाईंच्या मांडवात उभे राहत आणि ‘हे मी वाजवलेले आहे’ असे सांगत. भाई ते वेष्टनावर लिहून घेत, गावाच्या नावासकट. या नोंदी पडताळाव्या लागतील, कारण आठवण चुकते आणि मांडवात बढाईही मारली जाते. परंतु पडताळण्यासाठी त्या आधी हाताशी असाव्या लागतात.

फोंडा तालुक्यातील केरी या गावाचा आणि तबकडीचा संबंध आपणांस सांगण्याची गरज नाही. सुरश्री केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या तबकडीत समाविष्ट झाली. सोन्याचा मुलामा दिलेली, बारा इंची, तांब्याची ती तबकडी मिनिटाला १६⅔ फेरे या गतीने वाजवायची आहे, आणि तीवरचा केसरबाईंचा भाग साधारण साडेतीन मिनिटांचा आहे, म्हणजे जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूएवढाच. व्हॉयेजर २ हे यान २० ऑगस्टला सुटले, व्हॉयेजर १ हे ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. ही गोष्ट गोव्यात पुष्कळ वेळा सांगितली जाते. भाई ती सांगत तेव्हा त्यांचा भर वेगळ्याच तपशिलावर असे. त्या तबकडीबरोबर शास्त्रज्ञांनी सुईही पाठवली, आणि ती कशी ठेवावी, तबकडी किती वेगाने फिरवावी, याच्या खुणा आवरणावर कोरून दिल्या. ‘वाजवायची सोय केल्याशिवाय त्यांनी ती धाडली नाही,’ असे ते आम्हांला प्रत्येक नव्या मुलासमोर ऐकवत. आमच्या विनंतीत यंत्रांचा आणि सुयांचा समावेश आहे तो याच कारणाने.

सुयांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण हा भाग सर्वात आधी कचऱ्यात जातो. जुन्या ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते. तिच्यासाठी सुमारे ०.०७ मिलिमीटर टोकाची सुई लागते, तर एलपीसाठी, म्हणजे नंतरच्या जास्त वेळ वाजणाऱ्या प्लास्टिकच्या तबकडीसाठी, ०.०२ मिलिमीटरच्या आसपासची. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी लोळते आणि गाण्याऐवजी धूळ वाजवते. चावीच्या ग्रामोफोनला पोलादी सुई लागते आणि तिचा नियम एक सुई, एक बाजू असा आहे, कारण झिजलेली सुई पुढच्या तबकडीची खाच खरवडून काढते. भाईंच्या टेबलावर पत्र्याच्या तीन डब्या असत. एकीवर ‘नव्या’ असे लिहिलेले, दुसरीवर ‘वापरलेल्या’, आणि तिसरीवर ‘शंका’. वाजवण्याच्या गडबडीत एखादी सुई बदलली की नाही हे आठवले नाही, तर ती तिसऱ्या डबीत जाई आणि पुन्हा कोणत्याही तबकडीला लागत नसे. त्या डबीत आज दोन मुठी सुया आहेत. घर आवरणाऱ्या एका सद्गृहस्थांनी तिन्ही डब्या एकत्र ओतण्यासाठी उचलल्या होत्या. शेजारच्या मुलीने वेळीच हात धरला म्हणून त्या वेगळ्या राहिल्या.

माझ्या हातून झालेली चूकही येथे नमूद करतो, कारण संग्रह ज्यांच्या हाती जाईल त्यांना तिचा उपयोग होईल. मी बैठकीला नवीन असताना भाईंनी मला पंधरा-वीस तबकड्या पुसायला दिल्या. एलपीसाठी स्पिरिटचे पाणी वापरतात हे मी कुठेतरी वाचले होते, आणि त्याच कापसाने मी एक ७८ ची तबकडी पुसली. या तबकड्या लाखेच्या असतात, लाख, दगडाची पूड आणि काजळी यांच्या. आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. माझ्या डोळ्यांदेखत तिची चकाकी गेली आणि कापूस काळा झाला. ती मोगूबाई कुर्डीकरांची होती. भाई एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी ती साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसली, स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात इतर तबकड्यांच्या रांगेत उभी करून पंख्याखाली वाळवली, संध्याकाळी एकदा वाजवून पाहिली आणि वेष्टनावर लिहिले : ‘स्पिरिट लागले. खरखर वाढली. ऐकता येते. टाकू नये.’ हे शेवटचे दोन शब्द त्यांच्या शेकडो वेष्टनांवर आहेत, आणि किंमत करायला येणारे व्यापारी नेमक्या त्याच तबकड्या बाजूला फेकतात.

कारण व्यापारी येऊ लागले आहेत. त्यांच्या धंद्याला आम्ही नावे ठेवत नाही. आमच्यापैकी प्रत्येकाने त्यांच्याकडून तबकड्या घेतलेल्या आहेत. परंतु त्यांना हव्या आहेत त्या चांगल्या स्थितीतल्या जॅझच्या, रॉकच्या आणि काही ठरावीक हिंदी चित्रपटांच्या दीडदोनशे एलपी. बाकीचे ते वजनावर घेतील किंवा घेणारच नाहीत. ६१४ लाखेच्या तबकड्या, ज्यांत गोव्यातल्या कलावंत घराण्यांमधील गायिका आहेत, नाट्यगीते आहेत, हरवलेल्या नाटकमंडळ्यांतले आवाज आहेत, त्या रद्दीत जातील. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलाने भाईंकडून काही वर्षांपूर्वी तीस तबकड्या ‘प्रदर्शनासाठी’ मागून नेल्या होत्या. पुढे भाईंनी त्या तिथल्या भिंतीवर पाहिल्या, प्रत्येकीच्या मधोमध खिळा ठोकलेला. ते परत येऊन काही दिवस वाजवायला बसले नाहीत. भाईंच्या कुटुंबावर आर्थिक ताण आहे, हेही आम्ही लपवत नाही; त्यांनी संग्रह विकायचा ठरवला तर तो त्यांचा हक्क आहे आणि त्यांना कोणी दोष देऊ नये. म्हणूनच शासनाने हा संग्रह फुकट मागू नये. योग्य मूल्यमापन करून घरच्यांना मोबदला द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गोव्यात जतनाची परंपरा जुनी आहे. आपले मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचे, भारतातील सार्वजनिक ग्रंथालयांत सर्वात जुन्यांपैकी. पुराभिलेखागाराची मुळे त्याहून मागे, १५९५ पर्यंत जातात. कागदाची काळजी आपल्या पूर्वजांनी घेतली. आवाजाच्या बाबतीत मात्र साऱ्या देशातच एक उणीव राहिलेली आहे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील चार ग्रंथालयांना द्यावी लागते, आणि पुढे त्या तरतुदीत वर्तमानपत्रेही आली. ध्वनिमुद्रिका त्यात नाहीत. त्यामुळे कोलकात्यात १९०८ पासून तबकड्या दाबल्या जाऊ लागल्या तेव्हापासून जे काही निघाले, ते टिकले असेल तर मुख्यतः खासगी कपाटांत टिकले आहे, आणि कपाटाचा मालक गेला की कपाट रिकामे होते. मुंबईच्या रेकॉर्ड संग्राहकांनी १९९० च्या सुमारास आपली सोसायटी काढून या बाबतीत मोठे काम केले. गोव्यात आम्ही इतके संघटित कधी झालो नाही. भाई आहेत, म्हणजे सगळे आहे, असे आम्ही धरून चाललो. ही आमची कसूर आहे.

ध्वनिमुद्रणाचे हक्क कोणाचे, हा प्रश्न आपल्या कार्यालयात प्रथम विचारला जाईल. भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. तेव्हा लाखेच्या बहुतेक तबकड्यांवरील ध्वनिमुद्रणे आता मुक्त झालेली आहेत. कवी आणि संगीतकार यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत वेगळे चालतात, ते मात्र एकेका गाण्यागणिक पाहावे लागेल. ज्यांची मुदत संपलेली नाही, त्या तबकड्या ग्रंथालयात बसून ऐकण्यापुरत्या ठेवाव्यात, किंवा कंपन्यांशी रीतसर बोलणी करावीत. हे काम किचकट असले, तरी त्यासाठी संग्रह स्वीकारण्याचे थांबवण्याचे कारण नाही.

२०२३ मध्ये अंजुण्याचे प्रसिद्ध डीजे गोवा गिल निवर्तले तेव्हा देशोदेशींच्या लोकांनी त्यांचे स्मरण केले, आणि ते योग्यच होते. अंजुण्याच्या किनाऱ्यावर घडलेले संगीत हाही गोव्याच्या इतिहासाचा भाग आहे. त्या मंडळींनी उष्मा आणि वाळू यांपायी तबकड्यांऐवजी कॅसेट आणि डॅट (डिजिटल ध्वनिमुद्रणाच्या) टेप वापरल्या, आणि त्या टेपही आज तबकड्यांपेक्षा लवकर खराब होत आहेत. ध्वनिदालन उभे राहिलेच, तर त्यात त्यांनाही जागा असावी. भाई त्या मंडळींना ओळखत होते. ऋतू संपल्यावर परत जाताना काहींनी त्यांना दिलेल्या इंग्रजी आणि जर्मन एलपी संग्रहात आहेत, आणि त्यांच्याही वेष्टनांवर कोणी दिली, कोणत्या साली दिली, हे देवनागरीत लिहिलेले आहे.

भाईंच्या बाबतीत एक प्रसंग आम्हांपैकी कोणीच विसरणार नाही. साळावली धरणाखाली गेलेले कुर्डी गाव दरवर्षी मे महिन्यात पाणी ओसरल्यावर उघडे पडते, आणि विस्थापित कुटुंबे आपापल्या जोत्यांवर येऊन दिवा लावून जातात. मोगूबाईंचे हे गाव. एका मे महिन्यात भाई आम्हां सहा जणांना घेऊन तिथे गेले. तिथे वीज नाही, म्हणून चावीचा ग्रामोफोन नेला होता. भेगाळलेल्या चिखलावर सपाट जागा मिळेना, तेव्हा कदंबच्या चालकांनी एका पडक्या जोत्याचे दोन चिरे जुळवून वर पाट ठेवला. भाईंनी ‘नव्या’ डबीतली सुई लावली आणि मी खराब केलेलीच तबकडी लावली. खरखरीमागून आवाज येऊ लागला तेव्हा दूर दिवे लावत असलेली माणसे एकेक करून जवळ आली आणि उन्हात उभी राहिली. साडेतीन मिनिटे कोणी हलले नाही. एका वृद्ध बाईंनी तबकडी संपल्यावर विचारले, ‘आमचे घर त्या अंगाला होते, तिथे नेऊन लावता काय?’ आम्ही पाट, चिरे, ग्रामोफोन सगळे उचलले आणि तिकडे नेऊन पुन्हा लावली. वेष्टनावर दोन्ही जागांची नोंद आहे.

संग्रह काचेमागे ठेवावा असे आम्हांला वाटत नाही ते यामुळे. नाजूक तबकड्यांचे डिजिटल ध्वनिमुद्रण आधी करून घ्यावे, खरखर काढलेली आणि न काढलेली अशा दोन्ही प्रती ठेवाव्यात, आणि मूळ तबकड्या कोरड्या, थंड खोलीत उभ्या ठेवाव्यात. आडव्या थप्पीत खालच्या तबकड्या फुटतात. वर्तमानपत्राच्या कागदात आम्ल असते, म्हणून तबकड्या नव्या वेष्टनांत हलवाव्या लागतील. मात्र जुनी वेष्टने तबकडीच्या क्रमांकाने तिच्यासोबतच राहिली पाहिजेत, ती ‘जुने कागद’ म्हणून वेगळ्या विभागात गेली की सारा उद्देशच फसेल. आठवड्यातून एक दिवस कोणीही नागरिक येऊन, भाईंच्याच टर्नटेबलावर, निवडलेली तबकडी ऐकू शकेल अशी सोय असावी. आणि दोन तरुण मुलांना हे काम शिकण्यासाठी वेतन देऊन नेमावे. सुईचे वजन कसे लावायचे, गती कशी तपासायची, उडालेल्या कडेची तबकडी कुठून धरायची, हे आमच्यापैकी चार-पाच जण अजून शिकवू शकतात. आमच्यात सर्वात तरुण शिकवणारा एकसष्ट वर्षांचा आहे. हे शिकवण्याचा मोबदला आम्हांला नको.

मुदतीबद्दल एक गोष्ट. भाईंचे घर कौलारू आहे आणि पश्चिमेकडील वळचण गेल्या पावसातच गळू लागली होती. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतील ओल ८०-९० टक्क्यांवर जाते. भाई असताना ते रोज संध्याकाळी कपाटांत बल्ब लावत आणि दर आठवड्याला एकेक फळी रिकामी करून पुसत. यंदा ते करणारे कोणी त्या घरात राहत नाही. आम्ही आळीपाळीने जात आहोत, तरी २,६७६ तबकड्यांना ते पुरणार नाही, आणि एकदा बुरशी खाचेत उतरली की ती पुसून निघत नाही. म्हणून मृग लागण्यापूर्वी आपल्या खात्यातील जाणत्या व्यक्तीने एकदा येऊन संग्रह पाहावा. निर्णयाला वेळ लागणार असेल तर निदान तात्पुरती कोरडी खोली उपलब्ध करून द्यावी. वाहतुकीचे आणि हमालीचे आम्ही पाहू.

घराची चावी शेजारच्या घरी ठेवलेली आहे आणि घरच्यांची संमती आम्ही लेखी घेतलेली आहे. येण्याआधी एक दिवस कळवावे, म्हणजे आम्ही कपाटे उघडून, दोन्ही टर्नटेबल आणि अँप्लिफायर जोडून ठेवू. सकाळी आलात तर सकाळच्या कपाटातले लावू.

आपले नम्र,
फोंडा परिसरातील रेकॉर्ड संग्राहक,
भाईंच्या रविवारच्या बैठकीतील सर्वांच्या वतीने